हफमनचं कुरण

ओहायो राज्यातल्या डेटन शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, हवाई दलाच्या एका अवाढव्य तळाच्या हद्दीत, सुमारे ८४ एकरांचं एक कुरण जपून ठेवलेलं आहे. गुडघ्याएवढं गवत, एका कडेला लाकडी शेड आणि जवळच वजन टांगायचा उंच सांगाडा. शेड आणि सांगाडा दोन्ही मूळचे नाहीत, जुन्या नमुन्यावरून पुन्हा उभारलेले आहेत. डोळे दिपावेत असं इथं काही नाही. पण माणूस विमान चालवायला शिकला तो खऱ्या अर्थानं या गवतावर. १७ डिसेंबर १९०३ रोजी नॉर्थ कॅरोलायनाच्या वाळवंटी किनाऱ्यावर राइट बंधूंचं यंत्र पहिल्यांदा हवेत गेलं ते १२ सेकंदांसाठी आणि त्या दिवसाचं सर्वांत लांबचं उड्डाण होतं ५९ सेकंदांचं. वळायचं कसं, हवेत टिकायचं कसं, नेमक्या जागी परत उतरायचं कसं, हे सगळं शिकायचं बाकी होतं. ते त्यांनी १९०४ आणि १९०५ अशी दोन वर्षं इथं घासून घासून शिकून घेतलं. २० सप्टेंबर १९०४ ला हवेतलं पहिलं पूर्ण वर्तुळ इथं झालं. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर इथंच ३९ मिनिटं फिरत राहिला आणि त्यानं सुमारे ३९ किलोमीटर अंतर कापलं. जमीन टॉरेन्स हफमन नावाच्या एका बँकवाल्याची. त्यानं भाडं घेतलं नाही. अट एकच घातली: उडण्यापूर्वी गाई-घोडे बाजूला काढायचे. आणि हे दोघे भाऊ मूर्ख आहेत, असं त्याचं स्पष्ट मत होतं. शेजारच्या शेतकऱ्याला त्यानं ते बोलूनही दाखवलं होतं.

या प्रवासातून मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ हफमनच्या या व्यवहारात आहे. मुलांच्या महत्त्वाकांक्षेला उत्तेजन द्यायचं म्हणजे काय करायचं, असं विचारलं तर आपण बहुतेक जण सांगू की, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा, कौतुक करायचं, 'तुला जमेल' म्हणायचं. हफमननं यातलं काहीच केलं नाही. त्यानं जागा दिली, वेळेची मुदत घातली नाही आणि गुरांची काळजी घ्यायला लावली. तेवढं पुरलं. अमेरिकेत सहा-सहा महिने मुलांकडे राहायला येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांपुढे हल्ली कधी कधी एक अनपेक्षित प्रश्न येतो: नात पंधरा वर्षांची आहे, अजून मोटार चालवायचा पक्का परवाना हातात नाही आणि शनिवारी सकाळी ती विमान शिकायला जाते. हसून 'छान' म्हणावं, की पोटात गोळा येतो ते सांगून टाकावं? डेटनपासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशपर्यंत आणि तिथून पश्चिमेला वायोमिंगमधल्या शायेनपर्यंत मी गेले ती याच प्रश्नाचं उत्तर शोधत. माझं उत्तर असं झालं आहे की, मोठ्यांनी पायऱ्या बांधाव्यात आणि चढण्याचा वेग मुलांवर सोडावा. पहिली पायरी लवकर आणि फुकट असावी, पुढच्या सावकाश असाव्यात, आणि कुठल्याही पायरीवरून लाज न वाटता खाली उतरता यावं.

डेटनमध्ये राइट कुटुंबाचं मूळ घर आता नाही. हेन्री फोर्डनं ते उचलून मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात नेलं. हॉथॉर्न स्ट्रीटवर सात क्रमांकाच्या जागी आता नुसता व्हरांडा पुन्हा बांधून ठेवला आहे. तिथून जवळच विल्यम्स स्ट्रीटवर त्यांच्या सायकलच्या दुकानाची एक जुनी इमारत मात्र शाबूत आहे. या कुटुंबाची गोष्ट वडिलांनी आणलेल्या एका खेळण्यापासून सांगितली जाते. १८७८ साली मिल्टन राइट हे धर्मगुरू प्रवासातून घरी आले, ते रबराच्या पिळानं उडणारं, बांबू, बूच आणि कागदाचं एक छोटं यंत्र घेऊन. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता, ऑर्व्हिल सातचा. मुलांनी त्याच्या नकला केल्या, मोठ्या आकाराच्या करून पाहिल्या आणि आकार वाढवला की ते नीट उडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मला या गोष्टीपेक्षा तिच्या मागची गोष्ट मोठी वाटते. मुलांची आई सुसान ही घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराची लेक. वडिलांच्या कारखान्यात वावरून ती हत्यारं हाताळायला शिकली होती. घरातल्या लहानसहान वस्तू ती स्वतः बनवायची, मुलांसाठी बर्फावरची घसरगाडी तिनंच केली. म्हणजे राइट बंधूंच्या बोटांतलं कसब आजोबांच्या कारखान्यातून आईच्या हातांनी आलेलं. त्या आजोबांनी नातवंडांच्या भविष्याचा कुठलाही बेत आखला नव्हता. त्यांनी एका मुलीला कारखान्यात येऊ दिलं, एवढंच.

खेळणं घरात आलं १८७८ मध्ये आणि विमान उडालं १९०३ मध्ये. मधली पंचवीस वर्षं कुणी घाई केली नाही. दोघा भावांपैकी एकाच्याही हाती शाळेच्या अखेरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र नव्हतं. त्यांनी छापखाना चालवला, सायकली दुरुस्त केल्या, मग विकल्या, मग बनवल्या. आजच्या एखाद्या मराठी घरात अशा दोन मुलांना 'अजून मार्गाला लागले नाहीत' असंच म्हटलं गेलं असतं. वडील मिल्टन मात्र मुळीच बेफिकीर नव्हते. दोघांनी एका वेळी एका विमानात बसायचं नाही, हा त्यांचा शब्द होता आणि मुलांनी तो पाळला. विमानविद्या अवगत असलेली दोन डोकी एकाच अपघातात जाऊ नयेत, यामागे वडिलांचं प्रेम होतं तसा हिशेबही होता. २५ मे १९१० रोजी त्यांनी तो नियम एकदाच शिथिल केला. त्या दिवशी हफमनच्या कुरणावर दोघे भाऊ मिळून सहा मिनिटं उडाले. मग ऑर्व्हिलनं वडिलांना शेजारी बसवलं. मिल्टन ८१ वर्षांचे होते आणि त्यापूर्वी कधीही विमानात बसले नव्हते. वर गेल्यावर त्यांनी मुलाला आणखी वर न्यायला सांगितलं. आजी-आजोबांच्या पोटातल्या गोळ्यावर मला सुचणारा उपाय हाच आहे: नियम आपण घालावा, आणि वेळ आली की मागच्या सीटवर आपणही बसून पाहावं.

डेटनहून इंडियाना ओलांडून, शिकागोला वळसा घालून उत्तरेला गेलं की विनेबागो सरोवराच्या काठी ऑशकॉश लागतं. एरवी हे लहानसं शहर आहे. जुलैच्या अखेरीस मात्र इथल्या विटमन विमानतळावर आठवडाभर हौशी वैमानिकांची जत्रा भरते. विमानं साधारण दहा हजार येतात आणि त्या आठवड्यात इथला कंट्रोल टॉवर जगातला सर्वांत गजबजलेला असतो. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर दिंड्या ठरलेल्या क्रमानं चालतात, तसा इथं येण्याचाही क्रम ठरलेला आहे. रिपन गावावरून रेल्वेचे रूळ धरायचे, एकामागोमाग एक, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगानं फिस्क या खेड्यापर्यंत यायचं. तिथं जमिनीवर दुर्बीण घेऊन बसलेले नियंत्रक विमानाचा रंग पाहून हाक मारतात. वैमानिकानं रेडिओवर उत्तर द्यायचं नाही, पंख हलवून 'ऐकलं' म्हणायचं. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके आहेत. ज्याला ज्या ठिपक्यावर उतरायला सांगितलं त्यानं तिथंच उतरायचं. आणि उतरणं मनासारखं जमत नाही असं वाटलं तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचं, एक फेरी मारायची आणि रांगेत परत यायचं. यात कमीपणा नाही. उलट जो वैमानिक वेळेवर असा निर्णय घेतो तोच भरवशाचा मानला जातो. विमान शिकणाऱ्या मुलाला हे अगदी सुरुवातीच्या धड्यांत शिकवतात. माझ्या मते सगळ्या विमानविद्येत लहान मुलासाठी यापेक्षा मोलाचा धडा नाही, कारण आपल्या शाळा-क्लासांत परत फिरणं म्हणजे हरणं, असंच त्याच्या मनावर ठसवलेलं असतं.

ही जत्रा भरवणाऱ्या संघटनेचं नाव एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत ती सुरू केली, ती घरी विमानं बनवणाऱ्या मूठभर लोकांसाठी. १९९२ पासून ती 'यंग ईगल्स' नावाचा उपक्रम चालवते. ८ ते १७ वर्षांच्या कुठल्याही मुलाला, पालकांच्या सहीनंतर, एक छोटं उड्डाण फुकट. विमान स्वयंसेवक वैमानिकाचं स्वतःचं, इंधनही बहुधा त्याच्याच खिशातलं. आजवर २० लाखांहून जास्त मुलं अशी उडाली आहेत. उड्डाणाआधी वैमानिक मुलाला विमानाभोवती फिरवतो, पंखाची मागची फळी हलवून दाखवतो, तेलाची पातळी तपासायला लावतो. वर गेल्यावर, मुलाची इच्छा असेल तर, क्षणभर हात लावू देतो. खाली आल्यावर मुलाच्या हातात एक लॉगबुक पडतं आणि त्यात पहिली नोंद झालेली असते. जत्रेच्या एका भागात मुलं लाकडी फासळ्या चिकटवून पंखाचा तुकडा तयार करतात, रिव्हेट ठोकतात, पंख्याचं पातं तासतात. सुसान राइटच्या वडिलांचा कारखानाच जणू इथं हजारो मुलांसाठी उघडून ठेवला आहे.

या पहिल्या पायरीच्या पुढची शिडी अमेरिकेच्या कायद्यानं बांधली आहे आणि ती नीट वाचण्यासारखी आहे. प्रशिक्षकाशेजारी बसून धडे घ्यायला वयाची अट नाही. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, एकट्यानं उडवायला १४ वर्षं पूर्ण हवीत. इंजिनाचं विमान एकट्यानं उडवायला १६. खासगी परवान्याला १७ आणि किमान ४० तासांचं उड्डाण. त्या विद्येवर पैसे मिळवायचे तर १८. मोठ्या प्रवासी विमानाचं कप्तानपद हवं तर सर्वसाधारणपणे २३ वर्षं आणि १५०० तास. भारतातही एकट्यानं उडवायला १६, खासगी परवान्यासाठी १७ आणि व्यावसायिक परवान्यासाठी १८ हेच टप्पे आहेत. या आकड्यांत एक शहाणपण आहे. मुलाला दार लवकर उघडून दिलं जातं, पण पुढची प्रत्येक जबाबदारी ते पेलायच्या वयात आल्यावरच अंगावर पडते. दहा वर्षांचं मूल शेजारी बसून वारा, ढग, नकाशा, दिशा ओळखू लागतं. त्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून नसतो. सोळाव्या वर्षी जेव्हा प्रशिक्षक पहिल्यांदा खाली उतरतो आणि 'आता एकटी जा' म्हणतो, तेव्हा त्या मुलीच्या मागे सहा वर्षांचं पाहणं जमा झालेलं असतं.

इथं पहिला आक्षेप ऐकू येतो, आणि तो घरातल्या अनुभवी माणसांचा असल्यामुळे झटकून टाकता येत नाही. मुलांची आवड टिकत नाही. गेल्या वर्षी तबला, यंदा विमान, पुढच्या वर्षी आणखी काही. मग इतका खटाटोप कशाला? माझं म्हणणं असं की, आवड टिकलीच पाहिजे हा आग्रहच आपण सोडावा. यंग ईगल्सच्या त्या २० लाखांतले बहुतेक वैमानिक झालेले नाहीत, होणारही नाहीत. पण हवेत गेलेल्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातलं समोच्च रेषांचं चित्र कायमचं समजतं, वाऱ्याचा वेग आणि दिशा हे गणिताच्या वहीतून बाहेर येतात. दहावी-बारावीच्या धावपळीत हा वेळ वाया जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच पाहावं की, उडण्याच्या परीक्षेत हवामान, नकाशावाचन, भौतिकशास्त्र आणि नियम हे सारंच येतं. आणि तिथं उत्तर चुकलं तर गुण जाण्यापलीकडे काय होऊ शकतं, हे मुलाला सांगावं लागत नाही. आवड सुटली तर सुटू द्यावी. नातीनं तिसऱ्या धड्यानंतर 'नको' म्हटलं तर भरलेल्या फीची आठवण करून देण्याइतकं वाईट उत्तेजन दुसरं नाही.

दुसरा आक्षेप जिवाचा आहे आणि त्याच्यासाठी पश्चिमेला जावं लागतं. ऑशकॉशहून शायेनचा रस्ता आयोवा आणि नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांतून जातो. वाटेत आयोवातलं सीडर रॅपिड्स फार लांब राहत नाही. राइट कुटुंब १८७८ साली तिथंच राहत होतं आणि ते रबराचं खेळणं तिथल्याच घरात उडालं होतं. जमीन इतकी हळूहळू चढत जाते की आपण उंचावर आलो हे कळतही नाही. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १८७० मीटरहून उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही दोनशे मीटर वर. अशा उंचीवर हवा विरळ असते. इंजिनाला जोर कमी, पंखांना आधार कमी. ११ एप्रिल १९९६ च्या सकाळी इथून एक लहान विमान उडालं आणि काही क्षणांतच कोसळलं. विमानात ७ वर्षांची एक मुलगी होती, तिचे वडील होते आणि प्रशिक्षक होता. तिघंही गेले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि परत, आठ दिवसांत. देश ओलांडणारी सर्वांत लहान वैमानिक, असा तो बेत होता. वास्तविक गिनेस बुकनं असे 'सर्वांत लहान वैमानिक' विक्रम नोंदवणं सात वर्षांपूर्वीच धोक्यापायी बंद केलं होतं. तरी वाहिन्यांचे कॅमेरे होते, मुलाखतींच्या वेळा ठरलेल्या होत्या. त्या सकाळी पाऊस होता, वादळ जवळ आलं होतं, विमानात वजन मर्यादेपेक्षा जास्त होतं. चौकशीत ठपका बसला तो अशा हवेत उडण्याच्या प्रशिक्षकाच्या निर्णयावर, आणि वेळापत्रक गाठायची घाई, काही अंशी माध्यमांना दिलेल्या वेळा, हे त्यामागचं एक कारण म्हणून नोंदलं गेलं.

या अपघाताचा दाखला देऊन 'लहान मुलांना विमानाजवळ नेऊच नये' असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मी त्या विमानतळाच्या कुंपणापाशी उभी राहून नेमका हाच विचार केला, आणि मला ते पटलं नाही. त्या सकाळी चूक झाली ती मोठ्यांची. परत फिरायची वाट मोठ्यांनी आपल्या हातांनी बंद केली होती: तारीख ठरवून, बातमी देऊन, विक्रम जाहीर करून. मुलगी सात वर्षांची होती. 'आज नको' म्हणण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांना तो परवडेनासा झाला होता. अमेरिकेच्या काँग्रेसनं त्याच वर्षी कायदा केला तोही याच नेमक्या जागी बोट ठेवून. मुलांना धडे देणं बंद केलं नाही. विक्रम, स्पर्धा किंवा हवाई करामतीसाठी परवाना नसलेल्याच्या हाती विमानाची सूत्रं द्यायची नाहीत, असं ठरवलं. आपल्याकडेही चार वर्षांच्या पोराला शिखरावर नेऊन फोटो छापून आणण्याची हौस वाढत चालली आहे. धरमतर ते गेटवे पोहणाऱ्या मुलांच्या बातम्यांत वय ठळक अक्षरांत असतं. मुलं पोहतात, चढतात हे उत्तमच. पण वय हीच बातमी झाली की, समजावं, चढतंय कोणी दुसरंच. आजी-आजोबांचा खरा उपयोग इथं आहे. आई-बाप वेळापत्रकात अडकलेले असतात; ज्यांना कुठं पोचायचं नाही असं घरातलं एकच माणूस म्हणजे आजी किंवा आजोबा. 'आज ढग आहेत, उद्या जाऊ' हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभतं आणि ऐकलंही जातं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. अमेरिकेत साध्या खासगी परवान्याला दहा हजार डॉलरहून जास्त लागतात. भारतात व्यावसायिक परवान्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. मग हे सारं सुखवस्तूंच्या नातवंडांचं कौतुक, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्यावं? डेटननंच मला यावर गप्प केलं. ऑर्व्हिलच्या वर्गात पॉल लॉरेन्स डनबर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता, कवी. आई-वडील गुलामगिरीतून सुटलेले. १८९० साली त्यानं काढलेलं वर्तमानपत्र राइट बंधूंनीच छापलं. शाळा संपली तेव्हा एका गोऱ्या वर्गमित्रासाठी छापखाना होता, पुढं दुकान आणि कुरणही आलं, आणि गुणांनी तितक्याच मोठ्या असलेल्या या मुलाला डेटनच्या एका इमारतीत लिफ्ट चालवण्याचं काम मिळालं. पुढं तो देशभर वाचला गेला, पण ३३ व्या वर्षी क्षयानं गेला. त्याचं घर आज राइट बंधूंच्या दुकानाबरोबर एकाच राष्ट्रीय स्मारकात आहे. बेसी कोलमन या टेक्सासच्या कृष्णवर्णीय मुलीला तर अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेनं दारात उभं केलं नाही. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ साली परवाना घेऊन आली. तेव्हा महत्त्वाकांक्षा असली की वाट सापडते, हे म्हणणं खोटं आहे. बेसीला सापडली, पण अशा किती जणींना सापडली नसेल. वाट बांधावी लागते आणि ती घराबाहेरच्या लोकांनी बांधावी लागते. म्हणूनच यंग ईगल्सचं ते फुकट उड्डाण मला इतकं मोलाचं वाटतं. ते नातवंड कुणाचं आहे, हे विचारत नाही.

आपल्याकडे काय आहे? जितकं वाटतं त्याहून जास्त आहे, पण विखुरलेलं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंगचं सरकारी केंद्र आहे. एनसीसीच्या हवाई तुकड्यांत शाळा-कॉलेजातली मुलं मायक्रोलाइट विमानातून वर जातात, आणि त्यात खेड्यापाड्यांतली मुलं-मुली असतात. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथं वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची विमानं रोज उडतात आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली पोरं ती कुंपणाबाहेरून पाहतात. मुलींसाठी तर उदाहरणांची वाणच नाही: १९८५ साली कोलकाता–सिलचर मार्गावर केवळ महिला वैमानिकांनी नेलेल्या विमानाच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या, आणि आज भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या एकत्र कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. मुंबईत गच्ची म्हणजे पापड-कुरडया, पाण्याच्या टाक्या आणि कपड्यांच्या दोऱ्या. घरच्यांनी ती वर्षानुवर्षं सोडून दिली. टॉरेन्स हफमनला गुरं हलवावी लागली, इथं वाळवण हलवावं लागलं असेल. या राज्यातल्या प्रत्येक प्रशिक्षण-धावपट्टीनं महिन्यातला एक रविवार कुंपणाबाहेरच्या मुलांसाठी उघडला, विमानाभोवती फिरवून त्यांना एक नोंदवही हातात दिली, तर त्याला अर्धा कोटी लागणार नाही.

पहिलं उड्डाण आणि पुढची शिडी यांत अंतर पडलं की काय होतं, याची साक्ष जुहूला आहे. जे. आर. डी. टाटा यांचं बालपण उत्तर फ्रान्समध्ये गेलं. हार्डेलोच्या किनाऱ्यावर इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ त्यांचे शेजारी होते आणि पंधराव्या वर्षी तिथंच त्यांनी पहिली फेरी मारली. नऊ वर्षं त्यापुढे काही घडलं नाही, कारण हिंदुस्थानात शिकायची सोयच नव्हती. १९२८ मध्ये जुहूचा विमानतळ झाला, मुंबईचा फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी, चोविसाव्या वर्षी, त्यांच्या हातात देशात दिलेला पहिला वैमानिक-परवाना पडला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला विमान उतरवलं. पन्नास वर्षांनी, ७८ व्या वर्षी, ते पुन्हा त्याच मार्गानं एका जुन्या एकइंजिनी विमानातून आले आणि तरुणांना उमेद वाटावी म्हणून हे केलं, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांनी तरुणांसाठी केलेली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट त्याआधीच, १९३० च्या मे महिन्यात, इजिप्तमधल्या अबुकीरच्या धावपट्टीवर झाली होती. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगा खान यांनी बक्षीस ठेवलं होतं. जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा उलट्या दिशेनं येत होता आणि स्पार्क प्लग खराब झाल्यामुळे तिथं अडकून पडला होता. जे. आर. डीं.कडे जादा प्लग होते. त्यांनी ते आपल्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीनं जिंकलं, आणि १९६० मध्ये तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.